भिंतीला हात लावू नका

किशनराव आमचे शेजारी. एसटीत कंडक्टर होते तेव्हा सख्ख्या मेव्हण्यालाही त्यांनी कधी फुकट बसू दिलं नाही. नियम म्हणजे नियम! अशा माणसाचं विमा कंपनीने काय केलं ते आठवलं की माझं डोकं आजही तापतं.

झरी गावाच्या कडेला त्यांनी घर बांधलं तेव्हा बँकेने कर्जाबरोबर घराचा विमाही गळ्यात मारला. जमीन आमच्याकडची, काळी आणि भारी. उन्हाळ्यात फाटते, पावसात फुगते. गेल्या वैशाखात मागच्या खोलीचा पाया एका कोपऱ्यात खचला आणि भिंतीत हात जाईल एवढी भेग पडली. लेक अर्पिता दसऱ्यानंतर पहिल्या बाळंतपणाला यायची होती, ती याच खोलीत. तिच्या येण्याआधी भिंत नीट व्हावी, एवढंच किशनरावांना हवं होतं.

कंपनीला फोन केला. तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर्व्हेअर येईपर्यंत भिंतीला हात लावू नका, सर."

झालं! दारात आलेल्या गवंड्याला किशनरावांनी परत पाठवलं. ज्येष्ठ गेला, आषाढ गेला, सर्व्हेअर साहेबांचा पत्ता नाही. फोन लावला की आधी गाणं, मग तीच गोड मुलगी. इकडे भेगेतून पाणी आत यायला लागलं.

"भाऊ, फोटो काढलेत ना? मग बांधून टाका भिंत," मी म्हटलं.

"न्हाई. हात लावू नका म्हनलेत ते."

डोकं आपटून घ्यावंसं वाटलं, पण त्या भिंतीवर तेही करायची सोय नव्हती.

भाद्रपद आला. त्यांच्या महालक्ष्म्या दरवर्षी त्याच खोलीत बसतात. त्यांच्या पत्नी कमलबाई म्हणाल्या, "जिथं साप शिरंल तिथं लक्ष्म्या बसवू का मी?" किशनराव फुलं आणायला परभणीला गेले, तेवढ्यात बाईंनी गवंडी बोलावून भेग बुजवली, वर रंगही दिला.

आणि साहेब उगवले ते नेमके लक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी! सणाचा पाहुणा म्हणून आधी पानावर बसवले. पुरणपोळ्या चापून झाल्यावर म्हणाले, "भेग कुठंय?"

"सनासाठी बुजवली, साहेब. फोटो हायत की मोबाईलमधी."

"फोटो कुठल्याही भिंतीचा असतो. मला प्रत्यक्ष दिसायला हवी."

"दिसायला पाहिजे? दावतो!"

कमलबाई ओरडत राहिल्या. किशनरावांनी कुदळ आणली आणि लक्ष्म्यांच्या शेजारीच भिंतीवर घातली. गिलावा पडला, विटा पडल्या, भेग उघडी झाली. साहेबांनी शांतपणे फोटो काढले आणि विडा तोंडात टाकून निघून गेले.

पुढच्या महिन्यात मोबाईलवर निरोप आला. दावा नामंजूर. नुकसान घरमालकाने स्वतः कुदळीने केले आहे, फोटो सोबत जोडले आहेत. त्याच साहेबांचे फोटो! ते कुठल्याही भिंतीचे नव्हते बरं का.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अर्पिताचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. "बाबा, मी इकडंच राहते. सासूबाई करते म्हनल्या समदं. तुमी वाईट वाटून घेऊ नका."

उन्हाळ्यापासून सगळ्यांवर खेकसणारा हा माणूस तिला फक्त "बरं" म्हणाला. फोन ठेवून ते मागच्या खोलीत गेले आणि बाळंतिणीसाठी नवी विणून घेतलेली बाज बाहेर ओढायला लागले. एकट्याने निघेना, म्हणून मी दुसरी बाजू धरली.