जबड्यातला जावई

नांदेडकडच्या आमच्या गोरेगावला जिपा दुरुस्त करणारा मेकॅनिक बोल्टचा काढलेला नट नेहमी दाढेत धरायचा, त्यामुळे कामावर असताना तो 'व्हय' आणि 'न्हाई' एवढंच बोलायचा. याच सवयीनं त्याची एक दाढ गेली. तेव्हा नांदेडच्या डॉक्टरांनी हाडात स्क्रू बसवून वर नवी दाढ लावायची ठरवली. आमच्याकडे हे नवीनच होतं.

स्क्रू बसला, पण दाढेसाठी चार महिने थांबा म्हणाले. प्रत्येक बोल्ट अर्धा आटा जास्तच आवळणाऱ्या या माणसाला ते पटेना.

"काहून थांबायचं?"

"हाडानं आधी त्याला घरचा मानायला पाहिजे," डॉक्टर म्हणाले.

तो थांबला. दाढ बसल्यावर मात्र येईल त्या गिऱ्हाइकाला गाल ओढून दाखवू लागला.

परवा मी जीप घेऊन गेलो, तर नट दुसऱ्या बाजूच्या किडक्या दाढेत धरलेला.

"एवढी भक्कम दाढ आणली, तिच्यात का धरत नाही?" मी विचारलं.

त्यानं नट काढून हातावर घेतला.

"जावई हाय त्यो, मास्तर. त्याला काम सांगतेत का? त्याला निस्तं मटण."