शेवटून तिसरा धडा

माझी भावजय निशिगंधा कुठलंही पुस्तक मागून उघडते. ही खोड तिला पावस गावातल्या आमच्या बागेत लागली. हापूसची पेटी भरताना वरच्या थरात देखणी फळं आणि तळाला बारीक माल घालणारे लोक असतात, म्हणून जाणतं गिऱ्हाईक पेटी तळापासून तपासतं. वीस वर्षं पेट्या भरून निशिगंधाचा स्वभावच तसा झाला आहे. साडी घेताना ती आतली घडी बघते आणि लग्नपत्रिकेत आधी खालची टीप वाचते. मी रत्नागिरीत तीस वर्षं हायस्कुलात मराठी शिकवलं, त्यामुळे असल्या सवयींना नावं ठेवण्याचा आपल्याला हक्क आहे, असं मी समजत होते.

गेल्या वर्षी तिने लेकीला, मनस्वीला, नववीतच शाळेतून काढलं आणि घरी शिकवायचं ठरवलं. निमित्त झालं एका निबंधाचं. तो इतका चांगला उतरला होता, की बाईंनी खाली लाल शाईने लिहिलं, ‘हा कोणी लिहून दिला?’ वर हा शेरा वर्गात मोठ्याने वाचूनही दाखवला. तेव्हापासून पोरगी दोन ओळींपुढे लिहीना. गणित सोडवायची, विज्ञान वाचायची, पण मराठीच्या वहीत पहिल्या पानावर तारीख आणि पुढे सगळं कोरं. एका शेऱ्यासाठी कोणी शाळा सोडतं का, म्हणून मी निशिगंधाशी कडाकडा भांडले. असा शेरा मीही दोन-चार मुलांच्या वहीत लिहिला होता, हे मात्र तिला सांगितलं नाही.

दहावीला मुक्त विद्यालयातून बसवायचं होतं. फॉर्मची तारीख तोंडावर आली तरी मराठी घ्यायचं की नाही हेच ठरेना. मनस्वी म्हणे, ज्यात लिहावं लागत नाही असे विषय घेऊया. निशिगंधाला वाटे, साहित्य आणि लेखन शिकवणारा चांगला अभ्यासक्रम मिळाला की मुलगी पुन्हा लिहायला लागेल. मिळाला नाही तर कायमची गप्प बसेल, ही भीती तिच्या मनात होती.

मग शोध सुरू झाला. पुण्याचा एक अभ्यासक्रम, मुंबईचा एक, एक नुसता फोनवर शिकवणारा. नमुना म्हणून सगळे पहिला धडा पाठवत, आणि पहिले धडे सगळेच सुंदर असत. हा वरचा थर, असं म्हणून निशिगंधा सरळ फोन लावायची आणि शेवटून तिसरा धडा मागायची. एकाने आधी नोंदणी करायला सांगितली. दुसऱ्याने पाठवला, तर त्यात गाळलेल्या जागा आणि ‘वरीलप्रमाणे निबंध लिहा’ एवढी एक ओळ. तिसऱ्याने विचारलं, शेवटून तिसराच का? त्याला तिने दहा मिनिटं पेटी कशी भरतात ते समजावून सांगितलं: हुशार लोक तळाचा थरही सजवतात आणि बारीक माल त्याच्या जरा वर लपवतात.

मी हसले खरी, पण कुतूहल स्वस्थ बसू देईना. घरी जाऊन माझी जुनी पाठ्यपुस्तकं काढली. पहिल्या पाच धड्यांच्या समासात माझं बारीक अक्षर दाटीवाटीने भरलेलं, आणि शेवटच्या धड्यांचे समास कोरे करकरीत. फेब्रुवारीत पोर्शन उरकायची घाई असायची. शेवटच्या कविता मी तीस वर्षं नुसत्या वाचून संपवल्या होत्या. मला माझीच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने मी पावस गाठलं, ते निशिगंधाला मदत करायला.

पोचले तर मायलेकींचं बिनसलेलं. सगळे नमुने नापास करून वैतागलेल्या निशिगंधाने मनस्वीची ती कोरी वही हातात घेतली होती आणि सवयीने मागून उघडली होती. शेवटच्या पानापासून उलट चौदा पानं भरलेली निघाली. लिहिलं होतं आमच्या जनीबद्दल. जनी बागेत आंबे निवडते. देठाकडून फळ हुंगते आणि किती दिवसांत पिकेल ते सांगते. पण कोरोनापासून तिला वासच येत नाही. काम जाईल या भीतीने ती फळ नाकाला लावते तेवढंच, खरा अंदाज घेते तो अंगठ्याने.

वाचून निशिगंधा हरखली आणि पोरीला जवळ घ्यायला धावली. मनस्वी चवताळली.

"जनीकाकीने ते फक्त मला सांगितलंन. तू वाचलंस म्हणजे मी तिला फसवलं."

निशिगंधाने वही मिटली. पेटी तपासायचा हक्क वहीला लागू नव्हता, हे तिला कळलं. तिने माफी मागितली आणि जनीचं काम जाणार नाही, असं वचन दिलं. मग मीही माझे दोन-चार शेरे कबूल करून टाकले. मनस्वी माझ्याकडे वळली. मग तिने विचारलं, "आत्या, त्या मुलांनी पुढे लिहिलं काय गो?"

मला माहीत नव्हतं. तीस वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं.

संध्याकाळी मनस्वी वही घेऊन शेडमध्ये गेली आणि सगळं कबूल करून तिने जनीला चौदाही पानं वाचून दाखवली. जनी हातातला आंबा हातातच धरून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "पुढचा कधी लिवतंस? आणि नाव माझाच ठेव." तिची परवानगी आहे, म्हणूनच मी हे इथे लिहिते आहे.

फॉर्ममध्ये मराठी भरलं. अभ्यासक्रम विकत घेतलाच नाही. मुक्त विद्यालयाचं पुस्तक घेतलं, आणि ते मी शिकवते, शेवटच्या धड्यापासून. लिहायचं काय, ते मनस्वी ठरवते.

महिनाभराने तिने नवी वही आईपुढे ठेवली. निशिगंधाचा हात सवयीने मागच्या पुठ्ठ्याकडे गेला. मनस्वीने तो धरला.

"आई, पहिल्या पानापासून वाच. खाली वेगळा माल नाय."