पाणी एक दिवस आधी आलं

आमच्या लातुरात नळ सुटायचा म्हणजे आधी नुसती हवा येते, सूं सूं करत. तो आवाज आला की मी आजही हातातलं काम टाकते आणि मागच्या बोळाकडं बघते. तिथल्या घराला आता कुलूप आहे, हे मला काय ठाऊक नाही? तरी बघते.

त्या घरात मावशी राहायच्या. नात्यातल्या नव्हेत, विहारातल्या. साखरेपायी त्यांचा उजवा पाय गुडघ्याखालून काढलेला. मूलबाळ नाही, नवरा केव्हाच गेलेला. महापालिकेच्या शिबिरात त्यांना चाकाची खुर्ची मिळाली, चांगली चकचकीत, पण ती दारातून आत जाईना. दार मोजायला कोण येतंय! मग खुर्ची ओट्यावरच राहिली आणि मावशी घरात हातावर सरकत फिरायच्या.

पाणी आठ-दहा दिवसांनी येणार, तेही अर्धा-पाऊण तास. दाब कमी म्हणून नळ अंगणातल्या खड्ड्यात. त्यातून कळशी वर ओढायची कुणी? म्हणून आम्ही बायकांनी एका रविवारी वंदना झाल्यावर विहारातच ठरवलं, की ज्या घरी पाणी उचलणारं माणूस नाही, तिथं एकेकीनं जाऊन भरायचं. आधी त्यांचं, मग आपलं. मावशींचं घर माझ्या पाठीमागंच, म्हणून ते माझ्या वाट्याला आलं.

दोन वर्षं भरलं. फुशारकी मारत नाही, कुरकुर करतच भरलं. मी मुळातच तापट बाई. "मावशी, एकट्या जिवाला एवढं पाणी कशाला लागतंय? म्हैस धुता का?" असं म्हणायचे.

"धुते की," त्या म्हणायच्या. "बघ, समोरच उभी हाय."

त्या आठवड्यात पाणी बुधवारी येणार, असं नळ सोडणारा माणूस सांगून गेला होता. आलं मंगळवारी, भर दुपारी. बुधवारी माझ्या लेकीला बघायला हदगावचे पाहुणे यायचे होते. घरात बादलीभर पाणी नव्हतं आणि मी एकटी. मनात म्हटलं, आजच्यापुरतं आधी आपलं भरू, दहा मिनिटांनी मावशींकडं जाऊ.

दहाची वीस झाली. टाकी भरली, दोन पिंपं भरली. तेवढ्यात माझ्या पायरीजवळून पाण्याचा ओघळ वाहताना दिसला. बोळातून येत होता, चांगला जोरात. आमच्या गावात माणूस दुसरं काहीही खपवून घेईल, वाहतं पाणी नाही. माझं डोकंच फिरलं. दारात उभी राहून ओरडले, "कुणाचा नळ चालू हाय? लाज वाटती का न्हाई पाणी वाया घालवायला?"

कुणी ओ दिली नाही. मी दोन शिव्या हासडल्या आणि राहिलेल्या घागरी भरायला आत आले.

नळाची धार बंद झाल्यावर बोळात गेले. मावशी खड्ड्याच्या कडेला आडव्या पडलेल्या. लुगडं ओलंचिंब, कळशी खाली कलंडलेली. तोटी बंद करायला त्यांचा हात पुरत नव्हता. मी येत नाही असं बघून त्यांनी स्वतःच भरायला घेतलं होतं.

"मी दारातच होते, मावशी. हाक का नाही मारली?"

"ऐकू आलं की तुझं," त्या म्हणाल्या. "तू चिडली होतीस. म्हटलं, जरा शांत झाली की बोलवावं."

खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात विहारातल्या बायका भेटायला आल्या, तेव्हा मी पलंगाशी चहाचा थर्मास धरून उभी होते. मावशींनी त्यांना सांगितलं, "हिनं पळत येऊन उचललं, म्हणून वाचले." बायका माझ्याकडं मायेनं बघायला लागल्या. मी कपात चहा ओतत राहिले.

सगळ्या गेल्यावर विचारलं, "खोटं कशाला बोललात?"

"खोटं कुठं हाय? उचललंस की."

त्या परत उठल्या नाहीत. चार महिने मी त्यांचं अंग पुसलं, भरवलं, पाणी तर आधी त्यांचंच भरलं. एकदा तरी त्यांनी मला रागानं चार शब्द सुनवावेत, असं फार वाटायचं. त्यांनी विषयच काढला नाही. आणि खरं काय ते सांगायला मला बायका कमी होत्या का? रोज एखादी यायची. मी रोज तिच्यासाठी चहा टाकायचे.

मावशी गेल्या. त्यांच्या पुण्यानुमोदनाला विहार भरला होता. भंतेजींनी परित्राण पठण केलं. मग महिला मंडळाच्या अध्यक्षबाई बोलायला उठल्या. मावशींबद्दल बोलल्या, मग माझ्याबद्दल. पोटची लेक करणार नाही इतकं केलं, म्हणाल्या. मला उठायला लावलं. मी उठले, हात जोडले. आत्ता सांगावं, सगळ्यांसमोर सांगावं, असं मनात आलं. तोंड उघडलंही.

तेवढ्यात त्यांनी पुढचं सांगितलं. पलीकडच्या गल्लीत एक आजोबा आहेत, डोळ्यांनी अंध, सून नांदेडला नोकरीला गेल्यापासून एकटेच. "त्यांचं पाणी ह्या ताईंकडंच देऊ. त्यांच्या हाती दिलं की काळजी न्हाई."

सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. आजोबा पुढच्याच रांगेत बसले होते. माझा आवाज कुठून येईल म्हणून त्यांनी मान इकडं तिकडं केली.

मी म्हटलं, "हाव, भरते."