उभ्या उसातला सीन

आमचे मालक नट आहेत. कुणी विचारलं तर मी सांगते, पण हळू सांगते, कारण लोक लगेच विचारतात, कोणत्या सिनेमात? पहिल्या सिनेमात ते प्रेत होते. दुसऱ्यात हवालदार होते, पण पाठमोरे. एका मालिकेत पंचायतीच्या सीनमध्ये चौथ्या खुर्चीवर बसले होते. त्या दिवशी सगळी गल्ली आमच्या घरात बसून ती चौथी खुर्ची बघत होती.

सुरुवात गावच्या जत्रेतल्या नाटकापासून झाली. पंधराव्या वर्षी ह्यांच्या हातात भाला दिला आणि राजाच्या मागं उभं राहायला सांगितलं. राजा भाषण विसरला. ह्यांनी भाला धरल्या जागेवरून राजाचं सगळं भाषण म्हणून टाकलं. राजा खाली मान घालून ऐकत होता म्हणतात. तेव्हापासून भाषण हाच ह्यांचा जीव. पुढं बीडला स्पर्धेच्या नाटकांत कामं केली, तिथंही जास्तीत जास्त वाक्यं असलेला पार्ट मागून घ्यायचे.

लग्न झाल्यावर आम्ही दिवाळीनंतर ऊसतोडीला जाऊ लागलो. तोडीत नवरा-बायकोची जोडी एक कोयता म्हणून मोजतात. आमचा अर्धाच होता. हे दोन ऊस तोडायचे आणि तिसरा हातात धरून संवाद म्हणायचे. मुकादम माझ्या माहेरचा, त्यामुळं ह्यांना तोंडावर बोलायचा.

"दाजी, तुमी ऊस तोडायला आलाव का उसाला नाटक दाखवायला?"

"ऊस सळसळतो तरी," हे म्हणायचे. "तुमी तेबी करत न्हाईत."

मला माणसांत बोलताच येत नाही. रेशनच्या दुकानात सगळे गेल्यावर मी कार्ड पुढं करते. उसाच्या फडात बरं असतं. वाकलं की कुणी दिसत नाही, आणि हात चालू असला की कुणी काही विचारत नाही. त्यामुळं ह्यांच्या वाटणीचा ऊसही मीच तोडत गेले.

मग दोन वर्षांमागं आमच्याच भागात एका सिनेमाचं शूटिंग ठरलं आणि ह्यांना मोठा पार्ट मिळाला. बायको मेलेला ऊसतोड्या. त्यात तो उभ्या उसात शिरून उसाशी बोलतो, असं दीड पान भाषण होतं. आयुष्यात पहिल्यांदा ह्यांचं तोंड समोरून दिसणार होतं, आणि तेही दीड पान. हे महिनाभर ते भाषण पाठ करत होते. मी चुलीपुढं भाकरी थापायची आणि हे समोर बसून मी मेले म्हणून रडायचे. मध्येच थांबून विचारायचे, कालवणात मीठ टाकलं का?

डायरेक्टर साहेबांनी विचारलं होतं, ऊस तोडलाय का कधी. ह्यांनी सांगितलं, आठ हंगाम. हंगाम खरेच आठ होते. साहेबांना सगळं खरं दिसायला पाहिजे होतं, म्हणून त्यांनी आमच्याच मुकादमाला बोलावून ह्यांची तोड बघायला उभं केलं. ह्यांनी झोकात कोयता मारला. ऊस वीतभर बुडखा ठेवून तुटला. साखर सगळी बुडात असते, ऊस जमिनीला घासून तोडावा लागतो, हे आमच्यातल्या लहान लेकरालाही माहीत आहे.

मुकादम म्हणाला, "साहेब, असा तोडणाऱ्याला आमच्यात पाव्हणा म्हणतेत."

साहेबांनी आठ दिवस दिले. तोवर हात बसला नाही तर बीडचा दुसरा नट तयार होता.

ते आठ दिवस मी ह्यांना घरामागं जनावरांसाठी पेरलेल्या कडवळात शिकवलं. जन्मात कुणावर ओरडले नव्हते, तेवढी ओरडले. वाका म्हणलं, अजून वाका, जमिनीला लागा. हे म्हणाले, राजासुद्धा माझ्याशी असं बोलला नाही. आठव्या दिवशी एकदाचे नीट वाकले आणि मग सरळ होता येईना. मी शेकायला विटकर तापवली. हे पालथे पडून भाषण म्हणत राहिले, आणि खरं सांगते, त्या दिवशी रडणं चांगलं जमलं होतं.

शेवटी मुकादमानंच साहेबांना सुचवलं, हात बाईचे घ्या, तोंड दाजीचं घ्या. मला आधी कुणी विचारलं नाही, त्यामुळं नाही म्हणायचंही राहून गेलं. तोडीला आम्ही बायका लुगड्यावर नवऱ्याचा शर्ट घालतोच, तोच घातला. बांगड्या काढा म्हणाले. नवरा धडधाकट समोर उभा असताना मी बांगड्या कशा काढीन? कोपराकडं सरकवून फडक्यानं बांधल्या, वरून बाही ओढली. कॅमेरा हातांवर ठेवून मी पाच-सहा ऊस तोडले. साहेब म्हणाले, लई छान, झालं तुमचं, जेवून घ्या. ह्यांचा सीन ऊन उतरल्यावर होता.

सगळे मांडवात जेवायला गेले. खुर्च्या मांडलेल्या, गडी-माणसं ताटं घेऊन बसलेली, शहरातल्या पोरी हसत होत्या. मला तिथं जाऊन बसायचं नव्हतं. मी फडातच थांबले. फड कसला, त्या शेताचा ऊस कारखान्याला गेला होता, सिनेमापुरत्या चार आखूड सऱ्या उभ्या ठेवल्या होत्या. त्यातली एक अर्धी तोडलेली. आमच्यात सरी अर्धी सोडून उठत नाहीत, मागं राहिलेल्या बाईला सगळी टोळी हसते. ती सरी मी पुरी केली. तोवर हात चालू झाला होता. कुणी थांब म्हणलं नाही. दुसरी झाली, तिसरी झाली. शेंड्याचं हिरवं वाढं बाजूला, मोळ्या बांधून एका रांगेत. चौथी संपवून कंबर सरळ केली, तर समोर सगळे उभे होते.

हे माझ्याकडं बघत नव्हते. जिथं ऊस उभा होता तिथं बघत होते.

"कावून तोडलास?" एवढंच म्हणाले.

मी म्हणलं, "मोळ्याबी बांधल्या हायत."

उभा ऊस नाही तर उभ्या उसातलं भाषण कुठलं? आसपासचा सगळा ऊस गेलेला, आणि शूटिंगचा तो शेवटचा दिवस. कुणीतरी म्हणालं, हा सीनच काढून टाकू. ह्यांच्या अंगातली हवाच गेली. मोकळ्या फडात वाळल्या पाल्याच्या पाचटावर जाऊन बसले, एक मोळी जवळ ओढली आणि तिच्यावर हात ठेवला. डायरेक्टर साहेबांनी हळूच कॅमेरा तिकडं वळवायला लावला. ह्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते मेलेल्या बायकोसाठी नव्हतं, जित्या बायकोवरच्या रागाचं होतं, पण लांबून फरक कळत नव्हता.

त्यानंतर पंधरा दिवस हे माझ्याशी बोलले नाहीत. माझ्याशी एक शब्दही न बोलता राहायला ह्यांना जमेल असं मला वाटलं नव्हतं.

सिनेमा आला. लोक म्हणाले, सगळं सोडा, तो माणूस पाचटावर बसतो तेवढं बघा, तोंडातून शब्द नाही तरी सगळं कळतं. ह्यांना आणखी दोन कामं मिळाली, दोन्ही तोंडासकट. बीडहून पेपरवाला घरी आला. हे खुर्चीवर बसून सांगत होते की शब्द टाकून द्यायची कल्पना त्यांचीच होती, खऱ्या दुःखाला भाषण लागत नाही. मी चहा घेऊन बाहेर आले होते. ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी कपबशीकडं पाहिलं.

पेपरवाल्यानं विचारलं, वहिनी काय करतात?

"ऊस तोडते," हे म्हणाले. चहाचा घोट घेतला. "लई तोडते."

त्यानं ते तसंच लिहून घेतलं.