सायलेन्सरचं क्रोम

जुनी साडेतीनशे सीसीची मोटरसायकल सुटी करून मी वर्षभर आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये ठेवलेली. इंजिन कल्याणच्या मेकॅनिकने बांधून दिलं. त्यावरची ॲल्युमिनियमची कव्हरं मात्र मीच घासायची ठरवली. आधी खरखरीत पॉलिश पेपर, मग बारीक, शेवटी कापड आणि पॉलिश. चार रविवार त्यात गेले. पप्पा खुर्ची टाकून बघत बसायचे. "एकाच दिशेने घास गं," एवढंच म्हणायचे.

पप्पांनी एमआयडीसीत बावीस वर्षं लोखंडावर क्रोम चढवायचं, प्लेटिंगचं काम केलं. त्यांना वास येत नाही, हे आम्ही लहानपणापासून बघत आलो. दूध करपलं तरी ते शेजारी पेपर वाचत बसलेले असायचे. आई म्हणायची, जुनी सर्दी आहे.

सायलेन्सरवर नवीन क्रोम चढवायचं होतं. शीळफाट्याजवळ एक छोटं युनिट सापडलं. "मीही येतो," पप्पा म्हणाले.

पत्र्याच्या शेडमध्ये लालसर-तपकिरी पाण्याची टाकी होती आणि तिच्यातून वाफ येत होती. पन्नाशीचा एक कारागीर तोंडाला काहीही न बांधता टाकीत पार्ट सोडत होता. माझे डोळे चुरचुरले. पप्पा दारातच थांबले.

"नाकातून रक्त येतं का?" त्यांनी त्याला विचारलं.

तो हसला. "थंडीत येतं थोडं. काका, तुम्ही पण याच लाईनचे?"

मला तिथे थांबवेना. सायलेन्सर उचलला आणि हळूच म्हटलं, "पप्पा, नको. काळा रंग मारू आपण."

"अगं, आणलायस तर दे. तू परत नेलास म्हणून टाकी बंद होणार आहे का?"

मी दिला. आठवड्याने आणायला गेलो, तेव्हा पप्पांनी गॅसचा मास्क विकत घेतलेला. कारागिराने तो उलटसुलट करून बघितला, घातला, पट्टा नीट बसेना म्हणून पप्पांनी बसवून दिला. मग दोघं बाहेर बाकड्यावर बसले आणि अर्धा तास बोलत राहिले. टाकी किती गरम ठेवायची, हात कसे भाजायचे. पप्पांच्या कामातलं एवढं मी पहिल्यांदाच ऐकत होते. नोकरीच्या चौथ्या वर्षी डॉक्टरने त्यांना या वाफेने नाकाच्या पडद्याला भोक पडल्याचं सांगितलं होतं, हेसुद्धा.

रिक्षात सायलेन्सर आम्हा दोघांच्या मांडीवर आडवा होता.

"घरी का नाही सांगितलंत?"

"सांगून? तुमच्या आईने नोकरी सोडायला लावली असती."

मला राग आला होता, पण कोणावर काढायचा ते कळेना. पप्पांनी रुमालाने पाईपचं वळण पुसलं, उजेडात धरून बघितलं. "इथे जरा पातळ बसलंय," ते म्हणाले, "बाकी हात चांगला आहे त्याचा."

रविवारी मी सायलेन्सर बसवला. नट आवळताना पाईप खालून पप्पांनीच धरलेला.