दुभाषीबाईंशी भांडणारी मावशी

दिनकरच्या बायकोचा, युमिकोसानचा, फोन आला तेव्हा मी इथे जपानात, सेंदाईत बसची वाट पाहत उभा होतो. त्या एरवी हौसेनं मराठीत सुरुवात करतात, "कसे आहात, बरं आहे ना" एवढं म्हणून मग जपानीवर येतात. त्या सकाळी त्या पहिल्या शब्दापासून जपानीत बोलल्या... आणि मला कळलं. माझा जुना मित्र दिनकर गेला होता. झोपेतच, त्सुकुबातल्या त्याच्या घरी. बस आली, दार उघडलं, चालकानं माझ्याकडे पाहिलं. मी नुसती मान हलवली. बस निघून गेली.

गेल्या काही आठवड्यांत त्याच्याविषयी बरंच लिहून आलं. मातीतल्या जिवाणूंवरचं त्याचं काम, त्याचे विद्यार्थी, त्याचा साधेपणा. सगळं खरं आहे. पण माझ्या डोळ्यांसमोर जो दिनकर येतो तो हिरवी नऊवारी नेसलेला, कपाळाला रुपयाएवढं कुंकू लावलेला आणि मिशी काढायला साफ नकार दिलेला असा आहे. त्या दिनकरला माझ्याकडून एक वाक्य ऐकायचं होतं. ते मी त्याला कधी म्हटलं नाही. का म्हटलं नाही, ते आज लिहिणार आहे.

नव्वदचं दशक मध्यावर आलेलं. तो त्सुकुबात पोस्टडॉक, मी पीएचडी करत होतो. गणपतीत आम्ही मराठी मंडळी मिळून लेझीम आणि गण-गवळण करायचो. बाजाराला निघालेल्या गवळणी, वाट अडवणारा कृष्ण आणि गवळणींची राखण करणारी, तोंडानं फाटकी मावशी. तमाशातली मावशी पुरुषानंच करायची, म्हणून ती दिनकरकडे आली. दिग्दर्शक मी, कारण पुण्यात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत मी दोन एकांकिका बसवल्या होत्या आणि ही गोष्ट मी कुणालाही विसरू देत नसे. एका वर्षी दिनकरच्या प्रयोगशाळेतला एक चिनी संशोधक आमचा कार्यक्रम बघायला आला, हसून हसून बेजार झाला आणि म्हणाला, हे आमच्याकडे न्यायला हवं. आम्ही हो हो म्हटलं आणि विसरलो. तो विसरला नाही. वर्षभरात त्याच्या गावाकडच्या मैत्री मंडळाचं रीतसर आमंत्रण आलं, चार गावांत प्रयोग, राहणं-जेवण त्यांच्याकडे.

कोबेहून बोटीनं निघालो. गवळणी बोट लागून आडव्या, कृष्णाला सर्दी. दिनकर मात्र डेकवर वाऱ्यात उभा राहून मावशीच्या चालीची तालीम करत होता आणि एक जपानी आजोबा त्याच्या मागे मागे तसेच चालत होते. बंदरावर उतरलो तर कस्टमवाल्यांनी लेझीम अडवल्या. लाकडी दांडा, लोखंडी साखळी, चकत्या... हे काय आहे, आणि एवढ्या सगळ्यांना एकेक कशाला? मी इंग्रजीत भारतीय लोकपरंपरेविषयी बोलू लागलो. माझं भाषण चालू असतानाच दिनकरनं पेटीतून एक लेझीम उचलली आणि तिथेच चार पावलं टाकली. दुसरी त्यानं अधिकाऱ्याच्या हातात दिली. तो अधिकारी आधी इकडेतिकडे बघत राहिला, मग त्यानं एकदा हलवली, मग आणखी एकदा. पेट्या सुटल्या. "तुझं भाषण पण छान होतं रे," दिनकर मला म्हणाला, "फक्त त्याला ठेका नव्हता."

पहिला प्रयोग मात्र पडला. सभागृह थंडगार, लोक कोट घालून बसलेले, झाकणाच्या मगांतून चहा पिताहेत, सूर्यफुलाच्या बिया सोलताहेत, गप्पा मारताहेत. ते सगळं चाललं असतं. घोळ केला तो आम्हीच. आम्ही भाषांतर केलेली संहिता आधीच धाडली होती आणि मैत्री मंडळानं एक दुभाषीबाई दिल्या होत्या. अत्यंत कर्तव्यदक्ष. रंगमंचाच्या कडेला टेबल, टेबलावर माईक, आणि बाईंचा नेम असा की प्रेक्षकांची गैरसोय नको, म्हणून वाक्य यायच्या आधीच ते चिनी भाषेत वाचून टाकायचं. वर विनोद काय आहे तेही समजावून सांगायचं. त्यामुळे दिनकर तोंड उघडण्यापूर्वीच लोक थोडंसं, सभ्यपणे हसत. मग दिनकर बोले आणि शांतता. विंगेत आला तेव्हा घामाघूम होता. "अरे, हे म्हणजे माझंच तेरावं मी जेवतोय," तो म्हणाला.

दुसऱ्या गावात मी सगळ्यांना बजावलं, संहितेच्या बाहेर एक शब्द जायचा नाही. गवळणी आल्या, मावशी आली, दुभाषीबाईंनी मावशीचं पहिलं वाक्य वाचलं, लोक सभ्यपणे हसले. दिनकर थांबला. त्यानं पदर खोचला, कमरेवर हात ठेवला आणि गवळणींना तिथेच सोडून सरळ बाईंच्या टेबलाकडे निघाला. वाकून माईकजवळ तोंड नेलं आणि मराठीत म्हणाला, "काय गं भवाने, माझ्या आधी माझ्या पोटातलं तुला कसं कळतं? तू माझी सासू का?"

बाई गोंधळल्या. पण कर्तव्य ते कर्तव्य. शेजारी बसलेल्या आमच्या चिनी संशोधक मित्रानं जवळच्या गवळणीला जपानीत अर्थ विचारून बाईंना सांगितला आणि त्यांनी तोही अगदी गंभीर आवाजात वाचून दाखवला. सभागृह फुटलं. बिया सोलणारे हात थांबले. दिनकर लोकांकडे वळून म्हणाला, "बघा, हेसुद्धा सांगितलं. हिच्या पोटात काही राहतच नाही." बाईंनी तेही वाचलं. आता त्यांनाच हसू आवरेना, त्या वाचता वाचता अडखळायच्या, मावशी त्यांची पाठ थोपटायची, त्यांच्याच मगातला चहा त्यांना पाजायची. कृष्ण वाट अडवायला येऊन ताटकळत उभा राहिला तर मावशीनं त्यालाही दुभाषीबाईंसमोर हजर केलं, "विचार याला, याची आई कुठाय?" शेवटी पाया पडायला सगळे उभे राहिलो तर लोकांनी बाईंनाही वर चढवलं. तिसऱ्या गावात त्या ओठ लाल रंगवून आल्या आणि भांडण कुठून सुरू करायचं ते त्यांनीच दिनकरला विचारलं.

दुसऱ्या गावातल्या त्या भांडणाच्या वेळी मी विंगेत ढोलकी घेऊन बसलो होतो. आणि मी इतका हसत होतो की ढोलकी थांबली. चांगल्या दोन ओळी नुसत्या टाळ्यांवर गेल्या. नंतर कुणी विचारलं तर मी म्हणालो, ढोलकीची वादी सैल झाली होती.

प्रयोग संपल्यावर दिनकर तसाच नऊवारीत माझ्याकडे आला. मिशीवर घाम, कुंकू नाकापर्यंत उतरलेलं. "कसं झालं?" त्यानं विचारलं. मी ढोलकी गवसणीत घालत म्हणालो, "ठीक होतं. पण संहिता सोडायची नाही, ठरलं होतं ना आपलं."

आमच्याकडे 'ठीक होतं' म्हणजे फार झालं, असं पुण्याच्या माणसाला म्हणता येतं, आणि मीही ती सबब पुष्कळ वर्षं वापरली. पण दिनकर साताऱ्याचा. त्याच्याकडे चांगल्याला चांगलं म्हणायची पद्धत होती. परतताना बोटीवर त्यानं पुन्हा विचारलं. मी म्हणालो, लोकांना आवडलं की. "लोकांचं मी बघितलं," तो म्हणाला. "तुला नाटकातलं कळतं. तू सांग, मला येतं का हे?" समोर समुद्र होता, आसपास कुणी नव्हतं, एका वाक्याचं काम होतं... मी म्हणालो, "आवाजावर मेहनत घ्यायला हवी."

मला त्याचा हेवा वाटला होता. दुसरं काही नाही. मी पुस्तकं वाचून, तालमी घेऊन, वह्या भरून जे कधी मिळवू शकलो नाही ते त्यानं पदर खोचून चार पावलांत मिळवलं. पुढच्या गणपतीत मी थीसिसचं कारण सांगितलं, त्याच्या पुढच्या वर्षी सेंदाईला आलो. त्यानं दोनदा विचारलं, पुन्हा करूया का. मी टाळलं. मग तोही रंगमंचावर गेला नाही. मैत्री राहिली, अगदी घट्ट. फोनवर तो मला हसवायचा आणि मी हसायचो, पण ते वाक्य काही मी म्हटलं नाही.

एकोणपन्नासाव्या दिवशी इथे करतात त्या विधीला मी त्सुकुबाला गेलो आणि त्यांच्याकडेच राहिलो. संध्याकाळी जेवताना मीरानं, त्याच्या मुलीनं, विचारलं, "काका, चीनमध्ये बाबा खरंच एवढे भारी होते, की ते फेकायचे?" तिनं जपानीत विचारलं, मी मराठीत उत्तर दिलं, सावकाश, तिला कळावं म्हणून. म्हटलं, तुझ्या बाबांइतका चांगला नट मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही, आणि मी हे त्यांना सांगितलं नाही. "का?" तिनं विचारलं. मी तेही सांगितलं. युमिकोसाननी माझ्या वाटीत आणखी आमटी वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जळाऊ कचरा बाहेर ठेवायचा वार होता. युमिकोसान पिशवी बांधता बांधता हसायला लागल्या. त्यांनी सांगितलं तेव्हा मला समजलं की इतकी वर्षं दिनकर कचऱ्याची पिशवी घागरीसारखी कमरेवर घेऊन, मावशीच्या चालीनं कोपऱ्यावर कचरा ठेवायच्या जाळीपर्यंत जायचा. समोरच्या घरातल्या आजी त्या वेळेला खिडकीत येऊन बसायच्या. अजून बसतात, असं युमिकोसान म्हणाल्या. आता या दोघी मायलेकी पिशवी हातातून नेतात आणि आजी खाली मान घालून नमस्कार करतात.

मी पिशवी मागून घेतली. बूट घातले. दाराबाहेर आल्यावर ती कमरेवर ठेवली, दुसरा हात वर केला आणि निघालो. माझ्या वयाला आणि स्वभावाला ते अजिबात शोभत नव्हतं. आजींची खिडकी उघडली. निम्म्या रस्त्यात मीराची हाक आली, जपानीतच, "काका, चुकतंय. बाबा असे नाही चालायचे. आधी कंबर, मग पाय."

मी पिशवी घेऊन दारापर्यंत परत गेलो आणि ती सांगेल तसा पहिल्यापासून चाललो.