सुई उकळण्याची अट

आमच्या पांढुर्ण्यात त्या डॉक्टरांबद्दल वाईट बोलणारा माणूस सापडणं कठीण होतं. एक मी होतो, पण माझं बोलणं कोणी मनावर घेत नसे.

मी संत्र्याची दलाली करत होतो. बाप कापसाच्या जिनिंगमध्ये सरकी उपसायचा. मी स्टेशनावर डोक्यावर टोपली घेऊन सुरुवात केली आणि तिशीत आलो तेव्हा सौसरपर्यंतच्या बगीच्यांचा भाव माझ्या शब्दावर ठरू लागला होता. दोन भावांची वाटणी अडली, बांधावरून डोकी फुटायची वेळ आली, की लोक माझ्याकडे येत. मी दोघांवरही ओरडायचो, दोघांनाही शिव्या द्यायचो आणि सूर्य मावळायच्या आत निकाल लावायचो. गावात माझं वजन होतं ते एवढंच, पण ते मी स्वतः कमावलं होतं.

मग हा माणूस नागपूरहून आला. गोरा, बारीक, खालच्या आवाजात बोलणारा. बाजाराच्या वाटेवर त्यानं दोन खोल्यांत दवाखाना मांडला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीवर दगडांची गोटमार झाली की दोन्ही काठांची फुटलेली डोकी त्याच्याच बाकावर शेजारी शेजारी बसून टाके घालून घेत. वर्ष-दोन वर्षांत लोक नाडी दाखवता दाखवता त्याच्याजवळ वाटणीची गोष्टही काढू लागले. तो कोणावर ओरडत नसे. दोन वाक्यं बोलायचा आणि भाऊ भाऊ मुकाट्यानं घरी जायचे. मला ते सहन होत नव्हतं. खोटं कशाला लिहू?

स्वातंत्र्याचा पहिला झेंडा शाळेच्या मैदानावर लागला. चबुतरा मी बांधून दिला होता. विटा माझ्या, गवंडी माझा, बांबूदेखील मीच निवडून आणला होता. आदल्या दिवशी हेडमास्तर गुरुजी मला म्हणाले, "शेठजी, झेंडा डॉक्टरसाहेबाच्या हातानं लावू. शिकलेला माणूस हाय." मी "हाव" म्हणालो. दुसऱ्या दिवशी त्यानं दोरी ओढली आणि मी टाळ्या वाजवल्या. पुढे नऊ वर्षं त्या टाळ्या मला चावत होत्या.

छप्पन साली मला संधी मिळाली. नगरपालिकेची एक रिकामी इमारत होती. ती डॉक्टरांना द्यायची, त्यांचाच दवाखाना गावाचा दवाखाना म्हणून मान्य करून घ्यायचा आणि सरकारकडून अनुदान मागायचं, असं ठरलं. त्याआधी दोन सभासदांच्या समितीनं दवाखाना तपासून सरकारला अहवाल पाठवायचा होता. गुरुजींचं नाव आपोआप आलं. दुसरं नाव मी माझंच सांगितलं. कोणी हरकत घेतली नाही, कारण ते काम कोणालाच नको होतं.

गुरुजींनी तपासणीचा दिवस ठरवला आणि डॉक्टरांना कळवलाही. मला हसू आलं. ढिगातली वरची संत्री दाखवण्यासाठीच ठेवलेली असतात. घेणाऱ्यानं हात मध्ये घालायचा असतो. म्हणून मी त्या दिवसाची वाट पाहिली नाही. बाजाराच्या दिवशी, जेव्हा खेड्यापाड्यांतून माणूस लोटतो, तेव्हा मी एकटाच गळ्याला मफलर गुंडाळून त्या बाकावर जाऊन बसलो.

हात घातला आणि सडकं फळ हाताला लागलं. आत एक स्टोव्ह होता, त्यावर एक पातेलं, आणि सगळ्या गर्दीला मिळून सुई टोचायच्या दोन पिचकाऱ्या. कंपाउंडर एका दंडातली सुई काढायचा, पातेल्यात बुडवायचा आणि मनात पाच आकडे मोजून होत नाहीत तोच ती दुसऱ्या दंडासाठी तयार. पाण्याला बुडबुडेसुद्धा नव्हते.

"पाणी उकळलं नाई अजून," मी म्हणालो.

"गरम तं हाय ना शेठजी," तो माझ्याकडे न बघताच म्हणाला. "बाहीर पाहा किती लोकं बसून राहिले. मोटार सुटते त्यायची. पाणी उकळाची वाट पाहू, का लोकाईले मोटार धरू देऊ?"

मी डॉक्टरांना बोलावलं. वाटलं, आता हा सारवासारव करेल. त्यानं पातेल्यात पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला. "वीस मिनिटं उकळायला पाहिजे. बाजाराच्या दिवशी होत नाही. मला माहीत आहे आणि मी डोळेझाक करतो."

मी त्याला कोपऱ्यात घेतलं. सौदा जुळायला आला की माझा आवाज आपोआप खाली येतो. "पाहा डॉक्टरसाहेब, हे मी लिहिलं तं इमारत गेली, अनुदान गेलं. नाई लिहिलं तं कोणाले समजत नाई. तुमी नाडी पाहा, औषध द्या. लोकाईचे वाटेहिस्से, भांडणं, शाळेचे कार्यक्रम, यात पडू नका. एवढंच मागून राहिलो."

त्याला माझा राग आला असता तर बरं झालं असतं. "लिहा तुम्ही," तो म्हणाला. "सगळं लिहा. मोठं भांडं आणि आणखी पिचकाऱ्या हव्यात, हेही लिहा. माझं कोणी ऐकत नाही, तुमचं ऐकतील."

समोरचा माणूस भाव पाडत नाही, उठूनही जात नाही, सरळ माल तुमच्या पदरात टाकून मोकळा होतो, तेव्हा दलालाचं डोकं फिरतं. माझं फिरलं. मी अहवालात पिचकाऱ्या लिहिल्या, पातेलं लिहिलं, पाच आकडे लिहिले, डॉक्टरची डोळेझाकही लिहिली. भांड्याची मागणी मात्र लिहिली नाही. शेवटी एक ओळ घातली: सरकारचं उत्तर येईपर्यंत या दवाखान्यात सुई देणं बंद ठेवावं.

गुरुजींनी चष्मा काढला. "हे जास्त होते, शेठजी."

"उद्या तुमच्या दंडात दुसऱ्याच्या रोगाची सुई गेली तं?"

त्यांनी सही केली. धोका खरा होता म्हणून केली. माझ्या मनात काय होतं, ते त्यांनाही कळत होतं.

पाकीट मी चपराशाच्या हाती दिलं नाही. पत्ता स्वतःच्या हातानं लिहिला आणि स्टेशनावर जाऊन स्वतः डाकेत टाकलं. पत्ता होता नागपूरचा. राज्य बदलून नुकताच आठवडा झाला होता. नागपूर मुंबईकडे गेलं, आम्ही भोपाळकडे. आदल्याच आठवड्यात मी त्यावर चौकात तासभर भाषण ठोकलं होतं. पण कोर्ट नागपूरचं, कॉलेज नागपूरचं, लग्नाची लुगडी नागपूरची. सरकार म्हटलं की आमचा हात आपोआप नागपूरकडेच वळायचा. गुरुजींनी पत्ता पाहिला होता. त्यांनाही काही खटकलं नाही.

एक महिना गेला, तीन गेले, उत्तर नाही. अहवालाची नक्कल हातात पडली त्याच दिवशी डॉक्टरांनी दारावर पाटी लावली होती, 'सुई देणे बंद आहे'. माझं नाव असेल म्हणून मी मुद्दाम जाऊन वाचली. नव्हतं. लोकांनी कारण विचारलं तर तो सांगायचा, "चूक माझी होती." त्यामुळे मी आणखीच जळलो. नाव शेवटी कंपाउंडरनंच फोडलं. संत्र्याच्या लिलावात बोरगावचा एक म्हातारा बगीचेवाला भर गर्दीत म्हणाला, "शेठ, सुईसाठी आमी नागपूरले जाऊन राहिलो. कायले एवढी तंगडतोड? तुमीच टोचा ना! तुमची जीभ काय कमी टोचते?" सगळा बाजार हसला. मी त्याचा माल त्या दिवशी घेतला नाही.

फाल्गुनाच्या सुमारास पाकीट परत आलं. आत कोणीतरी ओळ खरडली होती की हा विषय आता भोपाळकडे आहे, तिकडे पाठवावा. गुरुजी म्हणाले, "तिथं हिंदीत पाठवा लागन." आणि ते शब्दकोश घेऊन बसले.

त्याच आठवड्यात माझी मोठी बहीण रामाकोन्याहून आली. मोटारीतून उतरली ती एका पायावर. शेतात कापसाची पऱ्हाटी उपटून झाली होती, त्यातला राहिलेला एक खुंट तिच्या तळव्यात घुसला होता. दोन दिवस तिनं त्यावर शेण आणि हळद बांधली होती. आमचा धाकटा भाऊ धनुर्वातानं गेला होता. त्याची कमानीसारखी वाकलेली पाठ आम्ही दोघांनी धरून ठेवली होती.

मी तिला उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी जखम धुतली, आतली काडी काढली, आणि मग हात पुसत थांबले.

"यांना धनुर्वाताची सुई लागेल. आजच."

"मंग द्या ना!"

"बंद आहे."

"डॉक्टर!" मी असा ओरडलो की बाहेरचे लोक उठून उभे राहिले. "माही बहीण हाय ते!"

"म्हणूनच सांगतो. नागपूरची गाडी दुपारी आहे, चिठ्ठी देतो. नाहीतर तुम्ही समितीचे आहात, ती ओळ बदला." त्यानं आत बोट दाखवलं. "पातेलं ठेवलं आहे. वीस मिनिटं आहेत तुमच्याजवळ."

स्टोव्ह आधीच पेटलेला होता. आम्ही आत आलो तेव्हाच त्यानं कंपाउंडरला खूण केली असणार. मी काही लिहिलं नसतं तरी त्यानं सुई दिली असती का? दिली असती, असं आज वाटतं. त्या दिवशी ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

"लिहून टाक ना रे भाऊ," बहीण कण्हत म्हणाली. "तुले लिहाले कधीपासून लाज येऊन राहिली?"

मी त्याच्याच कागदावर लिहिलं: दर माणसाला वेगळी सुई, घड्याळ लावून वीस मिनिटं उकळलेली, या अटीवर सुई सुरू करावी. खाली सही केली. डॉक्टरनं वाचलं.

"एक राहिलं," तो म्हणाला. "वीस मिनिटं झाली, हे पाहायचं कोणी? मी डोळेझाक करतो, हे तर तुम्हीच लिहिलं आहे."

मी कागद परत ओढला. मग लिहिलं: समितीच्या सभासदानं समोर बसून. गुरुजींना शाळा होती. सभासद म्हणजे मी.

बहिणीला काही झालं नाही. आठ दिवसांनी ती चालत मोटारीत चढली आणि खिडकीतून म्हणाली, "देवमाणूस हाय रे तो डॉक्टर!" मी म्हणालो, "आन् मी?" ती म्हणाली, "तू माहा भाऊ हायेस."

पुढच्या बाजाराच्या दिवशी तिकडे लिलावात संत्र्याच्या मृग बहाराचे सौदे चालू होते आणि मी स्टोव्हसमोर हातात घड्याळ धरून बसलो होतो. उठलो असतो तर डॉक्टरनं सुया बंद केल्या असत्या आणि गावानं मला विचारलं असतं. कंपाउंडरनं अठराव्या मिनिटाला चिमटा उचलला. मी खेकसलो, "दोन बाकी हायेत बे!" त्यानं चिमटा ठेवला. आतल्या खोलीत डॉक्टर हळू आवाजात दोन भावांना काहीतरी समजावत होता. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भांडण होतं. मला त्यातला शब्द न् शब्द ऐकू येत होता आणि निकालही माझ्या ओठांवर आला होता, पण मला पातेल्यावरून नजर हलवता येत नव्हती.

पुढच्या सुया उकळत होत्या तेव्हा एक म्हातारी दारातून डोकावली. तिनं माझ्या हातातलं घड्याळ पाहिलं, पातेलं पाहिलं, आणि पदर सावरून विचारलं, "कंपोंडरसाहेब, माहा नंबर कवा येईन?"

मी काटा पाहिला. "सात मिनिटं," मी म्हणालो. "बसा तिथं."